यमुनाबाईंची रिकामी जागा

सडेकोंड गावातल्या महिपतची बायको यमुना भाद्रपद सरता सरता वारली. तेरावं झालं, पाहुणे आपापल्या एसटीने गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामसेवक दीपक शाल आणि नारळ घेऊन महिपतच्या पडवीत हजर झाला.

महिपतला वाटलं, समाचाराला आला. त्याने खुर्ची पुढे केली. दीपक बसला नाही. त्याने शाल महिपतच्या खांद्यावर घातली, नारळ हातात दिला आणि मोबाइल समोर धरून म्हणाला, "काका, जरा इकडे बघा. हसू नका, पण अगदी रडूही नका. फोटो तालुक्याला जातो."

"ही शाल कसली रे?"

"सत्कार. लोकसंख्या समन्वय योजनेत या तिमाहीत आपल्या गावात एकच जागा रिकामी झाली. ती तुमच्या घरातून. गाव आभारी आहे."

"मी काय केलं त्यात?"

"तुम्ही नाही, काकूंनी केलं. पण त्या हजर नाहीत, म्हणून तुम्ही स्वीकारायची."

महिपतने शाल खांद्यावरून काढून घडी घातली. यमुना असती तर तिने आधी शालीचा पोत बघितला असता आणि मग विचारलं असतं, "काय म्हनला तो?" तिला डाव्या कानाने कमी ऐकू येई. त्यामुळे ती नेहमी महिपतच्या डाव्या हाताला उभी राही, म्हणजे चांगला कान त्याच्या बाजूला येई. लग्न असो, मयत असो, सभा असो, बोलणाऱ्याचं वाक्य संपलं की तिचा प्रश्न यायचाच: "काय म्हनला तो?" आयुष्यभर महिपत या प्रश्नाला वैतागला होता. आता कोणी विचारत नव्हतं, तर घरातली शांतता त्याच्या अंगावर येत होती.

ही योजना गावात आली कशी, तेही सांगायला हवं. सड्यावरची, म्हणजे गावामागच्या कातळपठारावरची, पाण्याची टाकी चारशे माणसांसाठी बांधली होती. दोन पावसाळ्यांत तिला तडा गेला आणि पाणी पुरेना. तड्याला माणसं जबाबदार नव्हती, पण तडा बुजवण्यापेक्षा माणसं मोजणं सोपं होतं. तालुक्याच्या बैठकीत सरपंच राजाभाऊंनी अभ्यासपूर्ण मुद्दा मांडला, की पाणी, शाळा, दवाखाना आणि एसटी यांच्यावरचा खर्च माणसांमुळे होतो. माणसं नसती तर हा खर्च शून्यावर आला असता. म्हणून खर्च आवरायचा तर माणसांची वाढ आवरावी. जितकी जातील तितकीच घ्यावीत. बैठकीने टाळ्या वाजवल्या. राजाभाऊ आंब्याचे बागायतदार. राहायला रत्नागिरीत फ्लॅटवर, नाव मात्र गावात. तिथून त्यांना गावाची बेरीज जास्त नीट दिसे.

ठरावाला ग्रामसभा हवी होती. सडेकोंडात ग्रामसभेला माणसं कधीच पुरत नसत. सारा गाव एकत्र येई तो शिमग्याला, देवाची पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली की. मग गावाचा जाणता बाबल्या हात जोडून गाऱ्हाणं घाली आणि प्रत्येक वाक्याला गाव एका तोंडाने 'व्हय म्हाराजा' म्हणे. पिढ्यान्पिढ्या म्हणत आला होता. दीपकने मोबाइल चालू केला आणि बाबल्याच्या हातात एक चिठ्ठी ठेवली.

"बा देवा म्हाराजा! बारा वाटंच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा!" बाबल्याने सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझी लेकरां शिमग्याला जमली, त्यांची वेडीवाकडी चाकरी गोड मानून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोनाची नजर लागली आसंल, कोनी काय वाकडं चितलं आसंल, त्ये बाराच्या वाटंनं भायेर टाक म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाबल्याने चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. "आनि गावची लोकसंख्या आणि सार्वजनिक सेवांवरील खर्च यांचा समन्वय साधण्यासाठी, जितक्या व्यक्ती कमी होतील तितक्याच नवीन समाविष्ट करण्यात याव्यात, हा ठराव सर्वानुमते मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

महिपतचा आवाज त्यात सगळ्यांत वरचा होता. त्याचा गळा चांगला म्हणून गाव त्याला पुढे उभा करी. यमुना त्याच्याकडे वळली. "काय म्हनला तो?"

"गप. व्हय म्हण."

तेवढ्यात ढोल सुरू झाले आणि तिचं व्हय म्हणायचं राहूनच गेलं.

पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडची बौद्धवाडी देवळात येत नाही. तिथली प्रभावती दुसऱ्या दिवशी पंचायतीत गेली आणि म्हणाली, "आम्हाला कोणी विचारलं?" दीपक म्हणाला, "आजी, तुम्ही विरोध नोंदवला नाहीत." ती म्हणाली, "मी तिथं नव्हते." दीपक म्हणाला, "तेच तर. गैरहजेरी म्हणजे मूक संमती."

त्यानंतर गावात शिस्त आली. प्रभावतीच्या नातवाचं, प्रमोदचं, लग्न ठरलं. पण सून आत घ्यायची तर गावातलं एक माणूस आधी बाहेर जायला हवं. म्हणून त्याच्या बहिणीसाठी घाईघाईने स्थळ बघितलं. भावासाठी बहिणीला लवकर उजवणं पूर्वीही होतंच. आता त्याला नियमाचा आधार मिळाला. म्हाताऱ्यांचीही विचारपूस वाढली. आधी म्हातारा रात्रंदिवस खोकला तरी कोणी ऐकत नसे. आता एकदा खोकला, की चार घरांतून डोकी बाहेर येत आणि आशेने विचारत, "काय तात्या, कसं वाटतंय?"

गणपतीत मुंबईकर आले आणि गाव पाचपट झालं. टाकी तिसऱ्या दिवशी कोरडी पडली. त्यावर राजाभाऊंनी स्पष्ट केलं, की चाकरमानी पाहुणे आहेत, आणि पाहुण्यांना दुसरीकडे मूळ पत्ता असल्यामुळे ते इथे पाणी पितात, पण मोजले जात नाहीत.

यमुना गेली ती त्याच महिन्यात.

मार्गशीर्षात महिपतच्या लेकीचा, तेजलचा, फोन आला. तिचा नवरा जयगडला बंदरावर कंत्राटी कामाला होता. एका खोलीत दोन बिऱ्हाडं, मध्ये साडीचा पडदा.

"बाबा, चैत्रातली तारीख दिलीय डॉक्टरांनी. मी येऊ ना घरी?"

"येऊ ना म्हंजे? माहेर हाय तुझं."

"आई नाही ना आता. तुम्हाला जमेल का, म्हणून विचारलं."

"मना पेज करता येते. शेक शेगडी प्रभावतीआजी बघंल. तू ये."

फोन ठेवून तो घरापुढच्या खळ्यात उभा राहिला. यमुनेने जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून ट्रंकेत ठेवली होती, डांबराच्या गोळ्या घालून. त्याने ती काढून उन्हात टाकली. आणि मग योजनेची आठवण होऊन तो पंचायतीत गेला. मनात धाकधूक नव्हती. घरातलं एक माणूस गेलं होतं, घरात एक माणूस येणार होतं. एवढं गणित त्यालाही येत होतं.

राजाभाऊ त्या दिवशी गावात होते. त्यांनी त्याला प्रेमाने बसवलं.

"ये रे महिपत. वहिनी गेल्या, फार वाईट झालं हो. माझ्या बागेत काजू वेचायला यायच्या. काय हात चालायचा त्यांचा! बोल, काय काम काढलंस?"

"तेजल बाळंतपणाला येतेय. पोराला हिची जागा द्या."

राजाभाऊ दीपककडे बघायला लागले. दीपक खिडकीबाहेर बघायला लागला.

"त्याचं असं आहे महिपत," राजाभाऊ म्हणाले, "माणूस घरातलं जातं, पण जागा गावाची रिकामी होते. दुःखावर तुझा हक्क. तो कोणी घेत नाहीये. जागेवर नाही."

"मग कोणाला दिली?"

"पर्यटन आणि पुनर्वसन या घटकात गेली. आमच्या अनिशला. माझा पुतण्या रे. पुण्याला मोठी नोकरी, पण सगळं सोडून गावी परत यायचं म्हणतोय. अशी शिकलेली पोरं परत आली पाहिजेत की नकोत?"

"पायजेत," महिपत म्हणाला.

अनिश त्याला वाटेतच भेटला. शनिवार होता, आणि अनिश शनिवार-रविवारच परत येत असे. बरोबर वासराएवढा कुत्रा. अनिशने चिऱ्याची भिंत, पिंपाचं पाणी पिणारा कुत्रा आणि शेवटी महिपत, सगळ्यांचं चित्रण केलं.

"काका, तुमच्या मिसेसची जागा मला मिळाली. खरंच थँक्यू. इथे काय शांत आहे हो! पुण्यात माणसं फार झालीत."

"हतं मानसंच नायत," महिपत म्हणाला.

"म्हणून तर आलो!" अनिश म्हणाला.

महिपत परत दीपककडे गेला. दीपक वाईट माणूस नव्हता. लांज्याहून रोज दुचाकीने यायचा, वाटेत महामार्गाची धूळ खायचा, आणि नियमातून वाट काढायचा मनापासून प्रयत्न करायचा.

"काका, ताईचा प्रश्नच नाही. ताई पाहुण्या. त्यांना जयगडचा पत्ता आहे. अडचण बाळाची."

"बाळ पन पाहुनाच की."

"कुठून आलेला?"

"म्हंजे?"

"पाहुणा व्हायला मूळ पत्ता लागतो. बाळाचा याआधीचा पत्ता काय?"

महिपतने डोकं खाजवलं. "देवाघरचा."

"ती आपली हद्द नाही. बाळ आधी कुठेच राहत नव्हतं, म्हणजे ते इथलं धरावं लागतं. आणि इथलं धरलं, की जागा लागते."

"बाळंतपण लांज्याच्या दवाखान्यात होनार हाय. मग लांज्याचं धरा."

दीपकने लगेच लांज्याला फोन लावला. पलीकडच्याने सांगितलं, की आईचा पत्ता जयगडचा आणि मुक्काम सडेकोंडचा असेल, तर लांज्याने फक्त खाट दिलेली आहे. खाट देणं म्हणजे गाव देणं नव्हे. मग जयगडला लावला. तिथल्याने विचारलं, पडद्याच्या अलीकडचं बिऱ्हाड की पलीकडचं? अलीकडचं असेल तर ते भाडेकरूचे भाडेकरू आहेत, त्यांना आम्हीच पाहुणे धरतो.

दीपकने फोन खाली ठेवला. "एक वाट आहे, काका. तुम्ही आपखुशीने गाव सोडलं, तर तुमची जागा बाळाला देता येईल."

महिपतने क्षणभरही विचार केला नाही. "सोडतो."

"पण पुरणार नाही. एका नवजात बालकाचा सेवाभार म्हणजे अडीच म्हातारे. बाळाला लस, अंगणवाडी, शाळा, पुढे मोठं झालं की रस्ता मागायला मोर्चा. म्हातारा काय मागतो? रक्तदाबाची गोळी. तीही आली तर."

ही गोष्ट वाडीत पसरायला वेळ लागला नाही. संध्याकाळी प्रभावती पऱ्या ओलांडून आली आणि पायरीवर बसली.

"मी जाते पोराकडे ठाण्याला," ती म्हणाली. "मला एक धर."

"तू कशाला आजी?"

"यमुनाने माझ्या सुनेची तीन बाळंतपणं केली. पऱ्याला पूर आलेला, तर माडाचं खोड धरून आलेली. आणि ठाण्याला काय वाईट आहे? जिना चढायचा आणि रडायचं, एवढंच."

"तरी अर्धा कमी पडतो," महिपत म्हणाला.

बाबल्या खळ्यात बिडी ओढत उभा होता. "मी आर्धाच हाय की," तो म्हणाला. "आर्धा वेळ हतं नि आर्धा राजापुरात लेकीकडं. माझा हतला आर्धा घ्या."

दोन म्हातारे आणि एक अर्धा, असे अडीच घेऊन महिपत पंचायतीत गेला. दीपकने बेरीज तपासली. बरोबर होती. त्याचा चेहरा खुलला आणि लगेच पडला.

"काका, तुम्ही गाव सोडल्यावर ताई आणि बाळ राहणार कुठे?"

"माझ्या घरात."

"घर कोणाचं?"

"माझं."

"तुम्ही गावात नाही, म्हणजे ते बंद घर. बंद घरात नवजात बालक ठेवता येत नाही. तुम्ही असायला हवं."

"मग मी ऱ्हातो."

"मग जागा नाही."

महिपतने खुर्ची दीपकजवळ ओढली. मग म्हणाला, "दीपक, तू शिकलेला हायस. मना एक सांग. ही गेली तेवा तू शाल दिलीस. पोर येतंय तर आडीच मानसं मागतोस. ह्या गावाला मरनच परवडतं काय रे?"

दीपक म्हणाला, "काका, मी फक्त अंमलबजावणी बघतो."

तेजलचे फोन येत राहिले. महिपत "व्हय, ये" म्हणत राहिला. खरं सांगायची हिंमत होत नव्हती. पडद्याच्या अलीकडे लेक रात्रीची पाय लांब करून झोपू शकत नाही, हे त्याला ठाऊक होतं. उन्हात टाकलेली दुपटी त्याने परत ट्रंकेत ठेवली, आणि मग परत काढली.

शिमगा आला. पालखी घरोघरी निघाली. महिपतच्या घरी वर्षाच्या आतलं दुःख, त्यामुळे सण नव्हता. पण देव दारावरून कसा जाईल? पालखी त्याच्या खळ्यात टेकली. मागोमाग सारा गाव, मुंबईकर, नवं उपरणं घेतलेले राजाभाऊ, कुत्र्यासह अनिश, आणि रीतीप्रमाणे मोबाइल धरलेला दीपक. प्रभावती पऱ्याच्या काठावर फणसाखाली बसून बघत होती. आदल्या दिवशी ती बाबल्याला एवढंच म्हणाली होती, "दीपकने तुझ्या तोंडात घातलं ते चाललं. तुझं तू घातलंस तर का नाही चालणार?"

बाबल्याने हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घरची लक्षुमी गेली. हा तुझा महिपत येकटा पडला. त्येच्या पाठीशी उभा ऱ्हा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्येची लेक पोटुशी हाय. तिला सुखरूप मोकळी कर, आनि तिचं लेकरू ह्याच घरात, ह्याच गावात, ह्याच पान्यावर वाढव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनि जो कोन ह्या लेकराच्या आड आला आसंल, मग तो ल्हान आसंल, थोर आसंल, हजर आसंल, गैरहजर आसंल, त्येला ह्या गावच्या बेरजंतनं वजा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला. राजाभाऊंचा आवाज वेगळा ऐकू आला. निवडणूक जवळ होती.

दुसऱ्या दिवशी पंचायतीत दीपक घाम पुसत बसला होता आणि राजाभाऊ टेबलावर मूठ आपटत होते.

"देवाच्या दारात असलं राजकारण? रद्द कर हे!"

"साहेब, मागचा ठराव याच रीतीने झालाय. तोच बाबल्या, तीच माणसं, तोच व्हय. हा रद्द केला तर तोही रद्द."

"तो कसा रद्द करणार? तो जिल्ह्याला कळवलाय. आमचा फोटो लागलाय तिकडे."

"मग हाही कायम."

"बरं, कायम. पण त्या पोराच्या आड आलंय कोण? मी तर नाही."

दीपकने रात्रभर विचार केलेला होता. "साहेब, बाळाच्या आड मागचा ठराव आला. म्हणजे ज्यांनी ज्यांनी त्याला संमती दिली, गैरहजरांनी मूक का होईना, ते आड आले. ते वजा."

"संमती कोणी कोणी दिली?"

त्यासाठी गेल्या शिमग्याचं चित्रण बघावं लागलं. महिपतलाही साक्षीला बोलावलं. छोट्या पडद्यावर सहाण, पालखी, गर्दी. बाबल्या चिठ्ठी वाचतोय. मग सगळी तोंडं एकदम उघडली. राजाभाऊ, त्यांच्यामागे मुंबईहून शिमग्याला आलेली माणसं, त्या सुट्टीत आलेला अनिश, आणि सगळ्यांत पुढे, सगळ्यांत मोठं तोंड उघडून महिपत. एकच तोंड व्हय म्हणायला उघडलं नव्हतं. त्याच्या डाव्या हाताला, हिरव्या लुगड्यातली, गर्दीकडे पाठ करून नवऱ्याकडे वळलेली बाई. गोंगाटातही ऐकू येत होतं.

"काय म्हनला तो?"

दीपकने चित्र थांबवलं. "काकूंनी संमती दिलेली नाही."

"ती गप्प होती," राजाभाऊ म्हणाले. "गप्प म्हणजे मूक संमती."

"गप्प नव्हत्या साहेब. त्यांनी प्रश्न विचारला. नियमाप्रमाणे प्रश्न म्हणजे हरकत." दीपकने मान वर केली. "सबंध गावात हरकत घेणाऱ्या त्या एकट्या. त्या वजा होत नाहीत."

"अरे, ती मेली!"

"खर्चाच्या दृष्टीने ती अडचण नाही. उलट सोय आहे."

महिपत म्हणाला, "परत लाव."

"काका, नोंद झाली."

"नोंदीसाठी नाय. परत लाव."

दीपकने परत लावलं. मग आणखी एकदा. राजाभाऊ घड्याळ बघायला लागले.

चैत्रात तेजल लांज्याच्या दवाखान्यात सुखरूप मोकळी झाली. मुलगी झाली. ती घरी आली तेव्हा सडेकोंड गावाची अधिकृत लोकसंख्या दोन होती: एक मयत, एक तान्ही. बाकी सगळे पाहुणे, आणि त्यांचा मूळ पत्ता म्हणून सडेकोंडच लिहिलं. यमुनेची जागा रिकामी झालीच नव्हती असं ठरल्यामुळे अनिशही पाहुणा झाला, आणि त्याचा कुत्रा पाहुण्याचा पाहुणा.

पाहुण्याला गावात राहायचं तर यजमानाची परवानगी लागते. दोन यजमानांपैकी एकीची सही घेता येत नव्हती. म्हणून दर पंधरवड्याला महिपतच्या पडवीत रांग लागायला लागली. दीपक शाईचा पॅड घेऊन पाळण्याजवळ बसे, नातीच्या पायाचा अंगठा टेकवे आणि पुढच्याला बोलावे. पहिला नंबर महिपतचा. स्वतःच्या घरात राहायची परवानगी त्यालाही नातीकडून घ्यावी लागे. रांगेत राजाभाऊही असत, खास रत्नागिरीहून येऊन. सरपंचपद टिकवायचं तर निदान पाहुणा असणं भाग होतं. एकदा नेमकं त्यांच्या वेळी पोरीने दुपटं ओलं केलं आणि शाई पुसून गेली.

"अर्ज बाद धरायचा का साहेब?" दीपकने विचारलं.

"थांबतो हो," राजाभाऊ म्हणाले. "वाळू दे."

प्रभावती शेगडीजवळून म्हणाली, "वाळेपर्यंत टाकीचा तडा बघून या. सड्यावरच आहे."

ते गेले नाहीत, पण हसले मात्र. यजमानांच्या घरातल्या माणसाला दुखवून चालत नव्हतं.

आता वाचणाऱ्याला वाटेल, की एवढं झाल्यावर योजना गुंडाळली असेल. उलट झालं. वर्षअखेरीचे आकडे जिल्ह्याला गेले. सडेकोंडात सार्वजनिक सेवा घेणारी जिवंत व्यक्ती एक, आणि तीही आईच्या दुधावर. पाण्याचा खर्च नाही, शाळेचा नाही, एसटीचा नाही. खरं तर शाळा दिवाळीतच बंद झाली होती आणि एसटी दत्तजयंतीपासून फाट्यावरूनच वळत होती, कारण एका तान्ह्या मुलीसाठी मास्तर आणि कंडक्टर ठेवणं न्यायाला धरून नव्हतं. टाकीचा तडाही तसाच होता. मात्र आकडा असा स्वच्छ होता, की तो बघायला बाहेरच्या तालुक्यांतून शिष्टमंडळं आली. ती फाट्यावरून चालत आली.

रत्नागिरीत मोठा समारंभ झाला. सडेकोंडला 'सुनियोजित ग्राम' म्हणून गौरवलं. गावाच्या वतीने शाल आणि नारळ नातीने स्वीकारायचा होता. तिने शालीचा कोपरा तोंडात घातला आणि बराच वेळ चावून पोत तपासला. महिपतला हसू आलं आणि मग डोळे पुसावे लागले. प्रमुख पाहुणे म्हणाले, की पुढच्या वर्षी हाच आदर्श साऱ्या जिल्ह्यात न्यायचा आहे. टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत गावोगावची माणसं होती. आपापल्या गावातून आपण वजा होणार, हे त्यांना कळायला अजून अवकाश होता.

परत शिमगा आला. पालखी सहाणेवर बसली. तालुक्याहून एक छापील कागद आला होता. दीपकने तो बाबल्याच्या हातात ठेवला आणि मोबाइल चालू केला. बाबल्याने नेहमीच्या आवाजात, एका दमात, कागद वाचून दाखवला. वाक्य लांब होतं.

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला.

गळा चांगला म्हणून महिपत याही वर्षी पुढे उभा होता. त्याचाही आवाज त्यात होता. नात त्याच्या डाव्या हातावर बसली होती. ढोल सुरू व्हायच्या आधी तिने मान वळवून आजोबाच्या तोंडाकडे बघितलं, भुवया वर केल्या आणि प्रश्नच विचारावा तसा आवाज काढला, "आँ?"

सवयीने महिपतच्या तोंडून गेलं, "गप. व्हय म्हण."

आणि तो तसाच, तोंड अर्धवट उघडं ठेवून, उभा राहिला. ढोल वाजायला लागले होते.

त्या दिवशी बाबल्याने नेमकं काय वाचलं, ते सडेकोंडात अजून कोणी विचारलेलं नाही. आणि हे वाचता वाचता, तुम्हीही नाही.